खाल्डियन लोकांचा इतिहास व वारसा : पेडणे-डिचोलीच्या संदर्भात एक विचार

प्रास्ताविक

पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतील घरांच्या भिंतींवर तीन प्रकारचे कालगणनेचे कागद दिसतात. एका घरात पंचांग किंवा पंचांगावर आधारलेली दिनदर्शिका असते, दुसऱ्या घरात नमाजच्या आणि रमजानमधील सहरी-इफ्तारच्या वेळांचा तक्ता असतो, तर तिसऱ्या घरात चर्चचे कॅलेंडर असते. तिन्ही घरांतील माणसे आपापला कागद आपल्या धर्माची खास वस्तू मानतात आणि उपयोगाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. परंतु या तिन्ही कागदांतील गणिताचा माग काढीत गेलो, तर आपण एकाच प्रदेशात जाऊन पोहोचतो. तो प्रदेश म्हणजे आजच्या इराकचा दक्षिण भाग, प्राचीन बॅबिलोनिया.

या प्रदेशात राज्य केलेल्या आणि पुढे आपल्या नावाने साऱ्या जगात ओळखल्या गेलेल्या खाल्डियन लोकांचा परिचय करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा पहिला हेतू आहे. दुसरा हेतू अधिक महत्त्वाचा आहे. एखाद्या प्राचीन लोकसमूहाचा वारसा नेमका कोणाचा, तो कशामुळे टिकतो आणि कशामुळे नष्ट होतो, हा प्रश्न आपल्या वर्गांत वारंवार निर्माण होतो. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी खाल्डियनांचे उदाहरण फार उपयोगी आहे. विशेष म्हणजे त्या उदाहरणाचा एक धागा गोव्यातूनच गेलेला आहे.

खाल्डियन कोण होते?

खाल्डियनांचा सर्वांत जुना उल्लेख इ.स.पू. नवव्या शतकातील असीरियन राजांच्या लेखांत येतो. तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्या समुद्राला मिळतात, त्या दलदलीच्या भागात त्यांच्या टोळ्या राहत. बीत-याकिन, बीत-दक्कुरी आणि बीत-अमुकानी ही त्यांतील प्रमुख घराणी होत. 'बीत' म्हणजे घर. अरबीतील 'बैत' हा शब्द त्याचाच सख्खा भाऊ आहे. खजुराच्या बागा, गुरेढोरे आणि आखातातून येणारा व्यापार यांवर या टोळ्यांची भरभराट झाली. बीत-याकिनचा सरदार मर्दुक-अपल-इद्दिन याने इ.स.पू. ७२१ ते ७१० या काळात बॅबिलोनची गादी मिळवली व असीरियाशी दीर्घकाळ झुंज दिली.

इ.स.पू. ६२६ मध्ये नबोपोलस्सर याने बॅबिलोनमध्ये जे राजघराणे स्थापन केले, त्यास इतिहासात खाल्डियन किंवा नव-बॅबिलोनियन घराणे म्हणतात. नबोपोलस्सर स्वतः आपल्या लेखांत स्वतःला 'कोणाचाही पुत्र नसलेला' म्हणवतो, त्यामुळे तो जन्माने खाल्डियन होता की काय, यावर विद्वानांत मतभेद आहेत. इ.स.पू. ६१२ मध्ये मीड लोकांच्या साहाय्याने त्याने असीरियाची राजधानी निनेवे पाडली. त्याचा पुत्र दुसरा नेबुकदनेझर (इ.स.पू. ६०५ ते ५६२) याने बॅबिलोन नगरीला जगप्रसिद्ध केले. जेरुसलेमचा विध्वंस करून यहुद्यांना बंदिवासात नेणाराही तोच. इ.स.पू. ५३९ मध्ये इराणच्या कुरुश राजाने बॅबिलोन घेतले आणि हे घराणे संपले. म्हणजे त्याची सत्ता जेमतेम सत्याऐंशी वर्षे टिकली.

या घराण्याचा शेवटचा राजा नबोनिदस याच्याविषयी एक माहिती आपल्या वाचकांना विशेष वाटेल. राजधानी सोडून तो सुमारे दहा वर्षे अरबस्तानातील तैमा येथे जाऊन राहिला. हर्रान येथे सापडलेल्या त्याच्या शिलालेखात त्याने आपण फिरलेल्या अरबी वस्त्यांची नावे दिली आहेत. त्यांत तैमा, फदक व खैबर यांच्याबरोबर 'यत्रिबु' हे नाव आहे. यत्रिबु म्हणजे यसरिब, म्हणजेच पुढची मदीना मुनव्वरा. या नगराचा हा ज्ञात असलेला सर्वांत जुना उल्लेख मानला जातो. १९५६ साली हे शिलास्तंभ हर्रानच्या जुन्या जामा मशिदीच्या अवशेषांत मिळाले. तेथे ते प्रवेशद्वारांपाशी फरशीचे दगड म्हणून वापरलेले होते. एका युगाचा राजलेख दुसऱ्या युगाच्या पायाखाली सुरक्षित राहिला. वारसा कधी कधी असाही टिकतो.

नाव एकाचे, वारसा अनेकांचा

राज्य बुडाले, पण नाव बुडाले नाही. ग्रीक आणि रोमन लेखक 'खाल्डियन' हा शब्द बॅबिलोनच्या ज्योतिर्विदांसाठी वापरू लागले. जमातीचे नाव अशा रीतीने विद्येचे नाव झाले. येथे अध्यापकांनी एक काळजी घेतली पाहिजे. साठ या संख्येवर आधारलेली गणनपद्धती सुमेरियन काळातील, म्हणजे खाल्डियनांहून हजाराहून अधिक वर्षे जुनी आहे. उलट बारा समान भागांचे राशिचक्र इ.स.पू. पाचव्या शतकात, म्हणजे खाल्डियन राज्य संपल्यावर, इराणी अमलाखालच्या बॅबिलोनमध्ये तयार झाले. म्हणून 'खाल्डियनांनी हे सर्व शोधले' असे म्हणणे बरोबर नाही. बॅबिलोनच्या मंदिरांतील लेखनिक पिढ्यानपिढ्या आकाशाच्या नोंदी मातीच्या विटांवर करीत आले. उपलब्ध नोंदवह्या इ.स.पू. ६५२ पासूनच्या आहेत आणि राज्यकर्ते बदलत गेले तरी ही परंपरा इ.स. पहिल्या शतकापर्यंत चालू होती. खाल्डियन राजवट ही त्या प्रवाहातील एक अवस्था होय.

या नोंदींतून निघालेले एक फळ पाहा. चांद्रमासाची सरासरी लांबी त्यांनी २९ दिवस, १२ तास, ४४ मिनिटे आणि सुमारे ३⅓ सेकंद इतकी काढली. आजच्या मापनाशी तुलना करता यात अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी फरक पडतो. दुर्बीण नसताना, केवळ शेकडो वर्षांच्या नोंदी जपल्यामुळे हे साधले. एकोणीस सौर वर्षांत २३५ चांद्रमास बसतात, म्हणून एकोणीस वर्षांत सात महिने अधिक धरावेत, हा नियमही त्यांनी इ.स.पू. पाचव्या शतकापासून नियमित पाळला.

ही विद्या ग्रीकांकडे गेली, तेथून संस्कृतात आली. वराहमिहिराच्या ग्रंथात राशींची 'क्रिय', 'तावुरी', 'जितुम' अशी ग्रीक वळणाची नावे आढळतात. अरबीत त्याच राशी हमल, सौर, जौझा या नावांनी आल्या. अंशाच्या साठाव्या भागाला आपल्या ज्योतिषात कला आणि कलेच्या साठाव्या भागाला विकला म्हणतात. अरबीत त्यालाच दकीका आणि सानिया असे शब्द आहेत. दिवसाचे साठ घटिकांत विभाजन आणि तिथीची कल्पना यांचे मूळही बॅबिलोनमध्ये असावे, असे डेव्हिड पिंग्री यांचे मत होते. ते सर्वांना मान्य नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगावे.

बगदादचे भाषांतरकार

बॅबिलोन आणि आपण यांच्यामधील सर्वांत मोठा पूल अब्बासी काळातील बगदादने बांधला. हा पूल केवळ मुसलमानांनी बांधला नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. बॅबिलोनच्या काळापासून त्या प्रदेशाची व्यवहारभाषा अरामी होती. तिच्या सुरयानी या रूपात पूर्वेकडील ख्रिस्ती मंडळी आपली प्रार्थना आणि विद्या चालवीत. या मंडळीला 'पूर्वेचे चर्च' म्हणतात. तिचा प्रमुख पहिला तिमथी (कार्यकाळ ७८० ते ८२३) बगदादमध्ये राहत असे. खलीफा अल-महदी याच्या सांगण्यावरून त्याने अरस्तूच्या एका ग्रंथाचे भाषांतर करून दिले आणि त्याच खलीफाशी धर्मविषयक संवादही केला. त्याच्या पत्रांत भारतातील ख्रिस्ती मंडळींचे उल्लेख येतात. हिरा येथे जन्मलेला हुनैन इब्न इसहाक (८०९ ते ८७३) हा याच मंडळीचा. जालीनूसचे वैद्यकग्रंथ त्याने सुरयानी व अरबीत आणले. हर्रानचा साबित इब्न कुर्रा हा नक्षत्रपूजक साबी पंथाचा होता, तर हर्रान परिसरातच जन्मलेला अल-बत्तानी मुसलमान.

अल-बत्तानीने सावलीच्या लांबीवरून सूर्याची उंची काढण्याचे कोष्टक दिले. असरच्या नमाजची वेळ सावलीवरूनच ठरते. माध्यान्हीची मूळ सावली वगळून वस्तूची सावली शाफई मतानुसार तिच्या उंचीइतकी, तर हनफी मतानुसार दुप्पट झाली की असर सुरू होते. कोकण किनाऱ्यावर शाफई आणि दख्खनी वळणाच्या घरांत हनफी अशा दोन्ही परंपरा आहेत, त्यामुळे आपल्या तक्त्यांत कधी कधी असरच्या दोन वेळा दिसतात. हा फरक फिकहचा आहे. त्यामागील अंश आणि दकीके मात्र एकच आहेत.

मांडवीच्या दोन तीरांवर

आता गोव्याकडे वळू. १५१० मध्ये अफोन्सो द अल्बुकर्क याने आदिलशाहीकडून गोवा शहर जिंकले. त्या वेळी शहरातील मुसलमानांची मोठी कत्तल झाली. १५४३ मध्ये बारदेस व साष्टी हे प्रांतही पोर्तुगीजांकडे गेले. डिचोली व पेडणे मात्र आदिलशाही मुलखात राहिले आणि पुढे सावंतवाडीच्या भोसल्यांकडून अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांच्या हाती आले. पेडण्याचे हस्तांतर १७८८ चे. म्हणजे सोळाव्या शतकात मांडवी आणि शापोरा या नद्या केवळ पाण्याच्या नव्हत्या, त्या दोन राजनीतींच्या सीमा होत्या.

याच काळात 'खाल्डियन' नाव गोव्यात आले. १४४५ मध्ये सायप्रसमधील पूर्वेच्या चर्चचे काही लोक रोमशी एकरूप झाले, तेव्हा पोपने त्यांना 'खाल्डियन' म्हणावे असे ठरवले. १५५३ मध्ये योहन्नान सुलाका या मठाधिपतीला रोमने कुलपती म्हणून मान्यता दिली. त्याच्या परंपरेतून आजचे खाल्डियन कॅथलिक चर्च उभे राहिले. सुलाकाचा १५५५ मध्ये तुरुंगात वध झाला. त्याचा भाऊ मार योसेफ याला केरळमधील सुरयानी ख्रिस्ती लोकांसाठी बिशप म्हणून पाठवण्यात आले. १५५५ मध्ये तो गोव्यास पोहोचला. पोर्तुगीजांनी त्याला पुढे जाऊ न देता वसईच्या मठात सुमारे दीड वर्ष अडकवून ठेवले. रोमची मान्यता त्याच्याजवळ होती, तरी पोर्तुगालच्या राजाच्या अधिकाराबाहेरचा बिशप त्यांना नको होता. नंतर आलेला मार अब्राहाम १५६५ मध्ये रोमला जाऊन पोपची पत्रे घेऊन आला, तरीही गोव्यात त्याला मठात बंदिस्त करण्यात आले. तेथून तो निसटला व केरळात पोहोचला. १५९७ मध्ये अंगमाली येथे तो मरण पावला. त्यानंतर गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी १५९९ मध्ये उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवली आणि तिच्या आदेशाने सुरयानी पोथ्या दुरुस्तीसाठी किंवा जाळण्यासाठी गोळा करण्यात आल्या. किती विद्या त्यांबरोबर गेली, याचा हिशेब कधीच लागणार नाही.

या नात्याची मुळे पोर्तुगीजांहून जुनी होती. सहाव्या शतकात कॉस्मस या ग्रीक व्यापाऱ्याने 'कल्लियाना' येथे इराणमधून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले आहे. बहुतेक अभ्यासक हे स्थान मुंबईजवळचे कल्याण मानतात. २००१ साली गोव्यात आगशीजवळ जुवारीच्या काठी फादर कॉस्मे कोस्ता यांना एक दगडी क्रूस आढळला. त्याच्या एका बाजूस पहलवी लिपीतील अक्षरे आहेत आणि दुसऱ्या बाजूस पोर्तुगीज. दगड तोच, परंतु त्यावर दुसऱ्या सत्तेने आपली भाषा कोरली.

आता मांडवीच्या पलीकडचा तीर पाहू. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर याच शतकात नदी ओलांडून डिचोली तालुक्यातील नार्वे येथे आणला गेला. त्या वेळी तो मुलूख आदिलशाहीचा होता. पुढे १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी त्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र शहजादा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयास आला, तेव्हा १६८३ च्या सुमारास त्याचा मुक्काम डिचोलीत होता; तेथील नमाजगाहाचा संबंध त्याच्याशी जोडला जातो. मुसलमान राजाच्या मुलखात देवाला आसरा मिळतो आणि मराठ्यांच्या आश्रयाला आलेल्या मोगल शहजाद्याच्या नावाशी नमाजगाह जोडला जातो, हे एकाच तालुक्यात घडले. आदिलशाही किंवा कोणतीही राजवट सर्वकाळ सहिष्णू होती असा दावा येथे नाही. परंतु त्या दशकांत एका तीरावर परंपरांची कोंडी होत होती आणि दुसऱ्या तीरावर त्यांना जागा मिळत होती, एवढे स्पष्ट दिसते.

शुहूर सन : आपल्या दफ्तरातील पुरावा

वापरातून वारसा कसा टिकतो, याचे उत्तम उदाहरण आपल्या मोडी कागदांत आहे. आदिलशाहीपासून पेशवाईपर्यंतच्या मराठी कागदपत्रांत 'शुहूर सन' आढळतो. इ.स. १३४४ पासून, म्हणजे हिजरी ७४५ पासून, तो सुरू झाला. त्याचे आकडे सलास, अर्बा, खमस अशा अरबी शब्दांत लिहीत. पण वर्षाचा आरंभ मात्र सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तेव्हा, म्हणजे पेरणीच्या तोंडावर होई. म्हणून त्याला 'मृगसाल' असेही म्हणत. शुहूर सनात जूननंतरच्या महिन्यांसाठी ५९९ व जानेवारीनंतरच्या महिन्यांसाठी ६०० मिळवले की इसवी सन येतो.

अशी जोडणी का करावी लागली? बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे होते आणि सौर वर्षापेक्षा जवळजवळ ११ दिवसांनी कमी भरते. त्यामुळे रमजान सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरतो. इबादतीसाठी हे योग्यच आहे. पण शेतसारा पीक हाती आल्याशिवाय वसूल होत नाही. म्हणून हिजरीचा आकडा आणि मृगाचा पाऊस एकत्र आणले गेले. कुलकर्ण्याने अरबी अंक मोडीत लिहिला आणि काझीने मृगाचे वर्ष मान्य केले. यात कोणाचा धर्म बुडाला नाही.

आजचे खाल्डियन

आज खाल्डियन हे नाव मुख्यतः इराकमधील कॅथलिक ख्रिस्ती समाज लावतो. अमेरिकेत डेट्रॉइट परिसरात त्यांची मोठी वस्ती आहे. केरळमधील त्रिशूर येथे पूर्वेच्या चर्चची भारतीय शाखा 'खाल्डियन सुरयानी चर्च' म्हणून ओळखली जाते, जरी ती रोमच्या अधिपत्याखाली नाही. या लोकांचे प्राचीन खाल्डियनांशी रक्ताचे नाते किती, हा वादाचा विषय आहे. नाव रोमने दिले हे निश्चित. परंतु अरामी भाषा त्यांनी घरात आणि प्रार्थनेत शतकानुशतके जिवंत ठेवली, हेही तितकेच निश्चित आहे. इराकच्या २००५ च्या राज्यघटनेने खाल्डियन व असीरियन समाजांचे सांस्कृतिक आणि शैक्षणिक हक्क नावानिशी मान्य केले.

कागदावरचा हक्क पुरत नाही, हे पुढे दिसले. जुलै २०१४ मध्ये दाएश या संघटनेने मोसुलमधील ख्रिस्ती रहिवाशांना हुसकावून लावले. त्याच महिन्यात तिने त्याच शहरातील नबी यूनुस यांची मशीद सुरुंगांनी उडवली, आणि २०१७ मध्ये ऐतिहासिक अल-नूरी मशीदही. शेजाऱ्याची प्रार्थना सहन न करणारा स्वतःचीही मशीद राखू शकत नाही. फादर नजीब मिखाएल यांनी शेकडो हस्तलिखिते शहराबाहेर काढून वाचवली. २०१९ मध्ये ते मोसुलचे खाल्डियन आर्चबिशप झाले. २०१८ मध्ये युनेस्कोने मोसुलच्या पुनरुज्जीवनाचे काम सुरू केले, त्यात अल-नूरी मशीद आणि चर्च या दोहोंची उभारणी एकाच उपक्रमात घेण्यात आली. बॅबिलोनला २०१९ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

अध्यापनासाठी सूचना

या विषयावर वर्गात एक छोटा उपक्रम घेता येईल. विद्यार्थ्यांना आपापल्या घरातील कालगणनेचा कागद आणावयास सांगावे. २९.५३०६ ला २३५ ने गुणावे आणि ३६५.२४२२ ला १९ ने गुणावे. दोन्ही उत्तरे जवळजवळ ६९३९.६ ते ६९३९.७ दिवस अशी येतील. फरक सुमारे दोन तासांचाच पडेल. मग पंचांग आणणाऱ्या विद्यार्थ्याला अधिकमास कधी येतो ते विचारावे, चर्चचे कॅलेंडर आणणाऱ्याला ईस्टरची तारीख दरवर्षी का बदलते ते विचारावे, आणि हिजरी तक्ता आणणाऱ्याला त्याच्या वर्षात अधिकमास का नाही ते सांगावयास लावावे. गणित एक असून तीन समाजांनी त्याचा उपयोग तीन प्रकारे केला, हे मुलांच्या आपोआप लक्षात येईल. इतिहासाच्या वर्गाने मोडी कागदातील एखादी शुहूर तारीख इसवी सनात बदलून पाहावी.

समारोप

खाल्डियन घराण्याची सत्ता शंभर वर्षेही टिकली नाही. त्यांच्या विटांवरील गणित मात्र दोन हजार वर्षांहून अधिक काळ चालत आले आहे, कारण ग्रीक, हिंदू, यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान अशा परक्या लोकांनी ते वापरले. वारसा केवळ वंशाने चालत नाही. तो उपयोगात राहिला तर टिकतो, आणि त्याचे जतन करणाऱ्या माणसांना सुखाने राहू दिले तर टिकतो. वसईच्या मठात अडकवलेला मार योसेफ आणि उदयंपेरूरला गोळा झालेल्या पोथ्या यांनी याची दुसरी बाजू दाखवली आहे. आपल्या विद्यार्थ्यांना पूर्वजांचा अभिमान जरूर शिकवावा. त्याबरोबरच ज्यांचे पूर्वज आपले नव्हते, त्यांची ठेव आपण रोज घड्याळात आणि तक्त्यात वापरतो, हेही त्यांना कळले पाहिजे. पेडणे-डिचोलीसारख्या संमिश्र वस्तीच्या तालुक्यांत शिकवणाऱ्या अध्यापकांवर ही जबाबदारी अधिक आहे, आणि त्यासाठी लागणारे साहित्य त्यांच्या विद्यार्थ्यांच्या घराच्या भिंतीवर आधीच टांगलेले आहे.